सातपैकी सात

डोक्याला मार लागलेल्या बाईला लोक काय काय सांगतात याची मी एकदा यादी करणार होते, पण तेव्हा मला यादी करायलाच बंदी होती. वाचायचं नाही, लिहायचं नाही, टीव्ही बघायचा नाही, उजेडात बसायचं नाही आणि विचार करायचा नाही. शेवटचं कसं जमवायचं ते कुणी सांगितलं नाही. "दिमाग को पूरा आराम दीजिए," असं डॉक्टर म्हणाले, तेही माझ्याकडे नव्हे, माझ्या नवऱ्याकडे बघून. डोकं माझं आणि सूचना त्याला. नवऱ्याने त्या सूचना एका वहीत उतरवून घेतल्या. तो विमा कंपनीत अधिकारी होता आणि लिहून घेतल्याशिवाय त्याला कुठलीच गोष्ट खरी वाटत नसे.

मार तरी कसला, सांगायची लाज वाटावी असा. दोन हजार आठची दिवाळी नुकतीच झाली होती. जयपूरच्या त्रिपोलिया बाजारात एका भांड्याच्या दुकानात कढई घ्यायला गेले होते. दुकानदाराची जेवायची वेळ, म्हणून त्याने शटर अर्धं ओढून घेतलं होतं. आत जाताना मी वाकले. बाहेर येतानाही वाकले, पण एक पाऊल आधीच ताठ झाले आणि टाळू लोखंडी पट्टीवर आपटली. रक्त आलं नाही, शुद्ध हरपली नाही. "अरे मैडमजी, देख के," दुकानदार म्हणाला आणि मी हसले. सायकलरिक्षा करून बनी पार्कला घरी आले, स्वयंपाक केला, जेवले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात टेबलावरच्या नकाशातली गावं मला दोन दोन दिसायला लागली.

मी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात नकाशे काढत होते. एका हाताला जुना नकाशा, दुसऱ्या हाताला नव्या मोजणीचे कागद. विहीर सरकली का, ओढ्याने पात्र बदललं का, पायवाटेचा रस्ता झाला का, हे शोधून नवा आराखडा काढायचा. या कागदावरून त्या कागदावर नजर जाईपर्यंत सहा-सात गोष्टी डोक्यात धरून ठेवाव्या लागतात. एक सुटली की एक गाव चुकतं. चौदा वर्षं मी हे काम केलं होतं, आधी नागपुरात, मग नवऱ्याची बदली झाली म्हणून जयपुरात. खिडकीशेजारचं ते उतरतं टेबल मिळवायला मला दोन वर्षं भांडावं लागलं होतं.

मेंदूचे फोटो काढले. त्यात काही निघालं नाही. कन्कशन, म्हणजे मेंदूला बसलेला हादरा, एवढंच निदान. हाड मोडलं असतं तर बरं झालं असतं. प्लास्टर लोकांना दिसतं, माणसाला खरं मानतात. फोटोत काही नाही म्हटल्यावर अर्ध्या लोकांना मी नाटक करते असं वाटलं आणि उरलेल्यांना मी गेल्यातच जमा वाटले.

मग मला मागच्या खोलीत ठेवलं. खिडकीला दुहेरी पडदे लावले. हिवाळ्यापुरत्या अमरावतीहून आलेल्या सासूबाई दाराशी खुर्ची टाकून बसल्या. मी उशीवरून मान उचलली की त्या म्हणत, "काहून उठली वं? पडून राय न बाई." जयपुरात आमच्या ओळखीची सात-आठ मराठी घरं होती. त्या घरांतल्या बायका डबे घेऊन एकेक करून आल्या. प्रत्येकीला कुणीतरी माहीत होतं जे असंच डोक्यावर पडलं होतं आणि नंतर. त्या 'नंतर'पाशी आवाज खाली जायचा. एकीने माझ्यासमोर सासूबाईंना विचारलं, "माणसं ओळखतात ना?" मी म्हटलं, "ओळखते. तुम्ही मागच्या संक्रांतीला नेलेला आमचा स्टीलचा डबा अजून परत दिलेला नाही." ती गेल्यावर नवरा हळूच म्हणाला, "डोक्याला लागल्यापासून चिडचिड फार वाढली तुझी." वहीतही लिहिलं त्याने. चिडचिड, तीव्र.

हे वाक्य मी त्या दिवसांत इतक्यांदा ऐकलं की आजही आठवलं तरी तळपायाची आग मस्तकात जाते. मी जन्मापासून चिडकी आहे. माझे वडील मला तिखट म्हणत. लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि या माणसाने माझी किती टाकून बोलणी जेवणाबरोबर गिळली होती ते त्यालाच ठाऊक. पण आता माझा राग हा माझा राग राहिला नव्हता, ते लक्षण झालं होतं. रागावले की कुणी भांडायचं नाही, उत्तर द्यायचं नाही, पडदा जरा नीट ओढायचा. ज्या बाईशी घरात कुणी भांडत नाही ती बाई घरात नसल्यासारखीच असते.

दोन महिने असे गेले. आरामाने माणूस बरा होतो म्हणतात, मी आरामाने सडत गेले. सुरुवातीला फक्त डोकं दुखायचं. दोन महिन्यांनी गच्चीच्या सहा पायऱ्या चढले तरी घेरी यायला लागली. शब्द हरवायला लागले. स्वयंपाकघरात उभी राहून मी पिठाची ती भोकं असलेली वस्तू मागत होते आणि 'चाळणी' हा शब्द काही केल्या येईना. हे त्या शटरने केलं की त्या खोलीने, मला कळेना. कळेल असं कुणाला विचारायची सोयही नव्हती, कारण माझ्या वतीने सगळं नवराच विचारत असे.

जानेवारीत तो ऑफिसातल्या माझ्या साहेबांना भेटून आला आणि माझ्या पलंगाच्या कडेला बसून त्याने एक कागद वाचून दाखवला. माझ्या नावाने लिहिलेला अर्ज. प्रकृतीच्या कारणास्तव नकाशाचं काम झेपत नसल्याने मला टपाल विभागात आवक-जावकीचं काम मिळावं. साहेब भले गृहस्थ होते, ते लगेच तयार झाले होते. माझी रजा फेब्रुवारीच्या शेवटी संपत होती. तोवर वैद्यकीय अधिकाऱ्याने मूळ कामासाठी पात्र ठरवलं तर ठीक, नाही तर टपाल. खिडकीशेजारचं टेबल दुसऱ्याला दिलं जाणार होतं.

"फक्त सही कर," नवरा म्हणाला. "टेन्शन नाही काही. पाकिटांवर नंबर टाकायचे."

"माझी सही करायला विसरलात वाटतं तुम्ही," मी म्हटलं. "बाकी सगळं केलंत."

तो कागद त्याने रागावून फाडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने तो नीट घडी करून फाईलमध्ये ठेवला.

मानेने मला वाचवलं. पडून पडून मान इतकी आखडली की सासूबाईंनी मालीशवाली शोधायला सुरुवात केली, आणि शेजारणीने मागच्या गल्लीतल्या फिजिओथेरपीवाल्या मुलीचं नाव सुचवलं. मुलगीच ती, जेमतेम सव्वीस-सत्तावीसची, एका जुन्या बंगल्याच्या गॅरेजमध्ये दवाखाना थाटलेला. एक पलंग, एक जागच्या जागी चालवायची सायकल, भिंतीवर मोठ्या अक्षरांचा तक्ता. तिने मान तपासली, डोळ्यांपुढे बोट फिरवलं आणि विचारलं, "आप दिन में चलती कितना हैं?"

मी म्हटलं, पलंग ते बाथरूम.

"कब से?"

"दोन महिने झाले," नवरा म्हणाला, आणि मग हिंदीत.

तिने पेन खाली ठेवलं. तिला राग आला होता, स्पष्ट दिसत होता, आणि मला तिचा मुका घ्यावासा वाटला. दोन महिन्यांत माझ्यासाठी कुणाला तरी राग आला होता, दया नाही. सुरुवातीचे थोडे दिवस आराम हवाच, ती म्हणाली, पण नंतर मेंदूलाही हळूहळू काम लागतं. रक्त पोचायला हवं, उजेड-आवाजाची पुन्हा सवय व्हायला हवी. अंधारात ठेवलं तर तो अंधाराचाच होतो. तिला शिकवणाऱ्या बाईंनी परदेशातून येऊन हे अलीकडेच सांगितलं होतं आणि अजून पुष्कळ डॉक्टर मानत नव्हते. "मेरी गारंटी नहीं है," असंही तिने सांगितलं. गॅरंटी नाही म्हणणारी ती पहिली भेटली, म्हणून मी तिच्यावर विश्वास ठेवला.

पहिल्या दिवशी तिने मला सायकलवर बसवलं आणि मानेवर बोट ठेवून ठोके मोजत राहिली. हळू पेडल, मग थोडं जोरात. चौथ्या मिनिटाला कपाळाच्या आत कुणीतरी खिळा ठोकायला घेतला. मी सांगितलं. तिने आकडा लिहिला आणि मला थांबवलं. "यहाँ से शुरू होता है. हम इससे थोड़ा पहले रुकेंगे, रोज." त्या आकड्याच्या अलीकडे राहून रोज वीस मिनिटं चालवायचं, चार-पाच दिवसांनी पुन्हा मोजायचं, दुखणं मागे सरकलं असलं की आपण पुढे सरकायचं. एवढीच तिची विद्या. गॅरेजच्या कोपऱ्यात बसलेल्या सासूबाई मोठ्याने म्हणाल्या, "डोक्याले लागलेल्या बाईले सायकल चालवाले लावते, येडी हाय का थे पोरगी?" मुलीला मराठी येत नव्हतं. ती त्यांच्याकडे बघून गोड हसली.

तिसऱ्या आठवड्यात दुखणं मागे सरकलं. फार नाही, पण सरकलं. मग तिने डोक्याची कामं सुरू केली. पेडल मारता मारता तक्त्यावरची अक्षरं मान हलवत वाचायची. ती पाच शब्द सांगायची, दहा मिनिटं दुसऱ्याच गप्पा मारायची आणि मग ते पाच मागायची. घरून गॅरेजपर्यंतचा रस्ता कागदावर काढायला लावायची, मग परतीचा, म्हणजे सगळी वळणं उलटी. पहिला कागद मी फाडून टाकला. चौदा वर्षं नकाशे काढलेल्या बाईने दोन गल्ल्या चुकवल्या होत्या. "फाड़िए," ती म्हणाली, "फिर बनाइए."

घरच्यांसाठी तिने एकच नियम घातला होता. मला शब्द सुचत नसेल तर दहापर्यंत मोजायचं आणि मगच मदत करायची. नवऱ्याने तो नियम वहीत लिहिला आणि तीनच्या पुढे कधी मोजलं नाही. मी "ते... ते..." म्हटलं की त्याच्या तोंडातून शब्द टपकायचाच. झाकण? रिमोट? माझ्या जिभेवर येऊ घातलेला शब्द तो माझ्याआधी बोलून टाकायचा आणि वर समाधानाने हसायचा. मी किंचाळले की पुन्हा तेच. चिडचिड, तीव्र.

फेब्रुवारीच्या मध्यावर मुलगी म्हणाली, गॅरेजमध्ये आठवणं वेगळं आणि गर्दीत आठवणं वेगळं. आता बाजार. सात वस्तू, त्याही सात वेगवेगळ्या दुकानांतल्या. चिठ्ठी नाही, मोबाइल नाही, सोबत कुणी नाही. चांदपोलपासून चालत सुरुवात करायची आणि दोन तासांत परत यायचं. हे नीट जमलं तर ती मूळ कामावर जाण्याबद्दल अहवाल लिहिणार होती, आणि वैद्यकीय अधिकारी तोच अहवाल मागत होते. तिने वस्तू दोनदा वाचल्या: तुरटी, बारीक चाळणी, साडीला लावायचा दोन मीटर जरीचा गोटा, लाखेच्या बांगड्या, सुतळी, इलॅस्टिक आणि कपाटाला पितळी मूठ. जायचं होतं दुसऱ्या दिवशी, शनिवारी. नवरा बाजूला बसून वहीत लिहीत होता. तो सगळंच लिहायचा, त्यात कुणाला वावगं वाटलं नाही.

शनिवारी मी गेले. त्या दोन तासांबद्दल मला तेव्हा विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की लग्नानंतरचे माझे सर्वांत सुखाचे दोन तास ते. हॉर्न, उन्हात तळपणारी भांडी, अंगावर येणारे हातगाडे, आणि मी त्यातून चालत होते. दोन-तीनदा अडले. दुकानासमोर उभी राहिले, डोकं कोरं झालं, मग आठवलं. गॅरेजमध्ये पिशवी उपडी केली तेव्हा सात वस्तू निघाल्या. मुलीने टाळी वाजवली आणि माझ्या कागदावर लिहिलं, सातपैकी सात. मी इतकी रडले की तिने मला सायकलवरच बसवून पाणी दिलं.

बुधवारी मी चाळणी बदलायला गेले. जाळी एका बाजूने सुटली होती. दुकानदाराने ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, "महीन वाली यही है जी. भाईसाहब ने महीन ही लिखा था."

"कौन भाईसाहब?"

त्याने वजनकाट्याखालून एक चिठ्ठी काढली. निळ्या शाईतलं नवऱ्याचं अक्षर, डावीकडे समास सोडलेला. महीन छलनी, एक नग. मॅडम आज दोपहर आएँगी. याद न आए तो कृपया आप ही निकाल दें, उन्हें बताएँ नहीं. धन्यवाद.

शनिवारी सकाळी तो पेट्रोल भरायला म्हणून स्कूटर घेऊन गेला होता. आमची दुकानं ठरलेली, त्याला पत्ते माहीत. एक जन्म विमा विकून या माणसाला एवढंच येत होतं: नुकसान होण्याआधी त्याची भरपाई करून ठेवायची.

मी तिथून घरी गेले नाही. उरलेल्या सहाही दुकानांत गेले. बांगडीवाली म्हणाली, आपने खुद माँगी थी, मैं तो कुछ बोली ही नहीं. सुतळीवालाही तेच म्हणाला. गोटावाल्याने मान खाली घातली. मी उभी होते, काही बोलेना, म्हणून त्यानेच गोटा पुढे केला होता. चाळणीही मला आठवली नव्हती, आपणच काढून दिली, हे चाळणीवाल्याने चिठ्ठी दाखवतानाच कबूल केलं होतं. पण तुरटी, इलॅस्टिक आणि मूठ? "याद नहीं जी, दिन भर गिराक आते हैं." म्हणजे दोन नक्की माझ्या, दोन नक्की त्याच्या, आणि तीन कुणाच्या ते जगात कुणालाच सांगता येणार नव्हतं. मी आठवायचा प्रयत्न केला. वाण्याच्या दुकानात तुरटीसाठी 'फिटकरी' हा शब्द आधी माझ्या तोंडून आला की त्याच्या? मला माझाच आवाज ऐकू येईना. मी चिडून रडत नव्हते, मी घाबरले होते. इतके दिवस मला माहीत होतं की डोकं बिघडलंय. आता किती बिघडलंय आणि किती नीट झालंय हे कळायचा एकच मार्ग होता, तोही या माणसाने बुजवून टाकला होता.

संध्याकाळी तो ऑफिसातून आला. मी चिठ्ठी टेबलावर ठेवली. त्याने बूटही काढले नव्हते.

"अगं, तुला त्रास होऊ नये म्हणून," तो म्हणाला. "समज, तू मध्येच बाजारात उभी राहिली असतीस. काही सुचलं नसतं. रडली असतीस."

"तर रडले असते."

"लोकांसमोर?"

"हो, लोकांसमोर! त्यांनी काय माझं मढं उचललं असतं? डोकं माझं फुटलं, सही माझी तुम्ही मागितलीत, शब्द माझे तुम्ही बोललात, आणि आता माझी परीक्षाही तुम्हीच देऊन आलात. मग टपालात तरी कशाला पाठवता मला? तुम्हीच जा."

"पण सात मिळाल्या ना," तो म्हणाला, अगदी मनापासून. "अहवाल चांगला आलाय. परवा तो दिला की सोमवारी तू तुझ्या टेबलावर. हेच पाहिजे होतं ना तुला?"

हेच पाहिजे होतं. तीच तर आफत होती. गप्प बसले असते तर सोमवारी टेबल माझं होतं. आणि पहिल्याच दिवशी नकाशावर एखादं गाव चुकलं असतं तर? तिथे कुणाला चिठ्ठी देऊन ठेवणार होता तो? तो पुन्हा म्हणाला की मी शांत व्हावं, माझ्या तब्येतीला हे चांगलं नाही. तेव्हा सासूबाई बोलल्या. त्या भाजी निवडत बसल्या होत्या आणि त्यांनी मान वर केली नाही.

"तुह्या बापानंबी मले कधी एकटं बजारात जाऊ देलं नाही. भाजी आणे तर थोच आणे. म्हणे, तुले फसवतीन. अडतीस वर्सं. थो गेला, अन् मले अजूनबी मालूम नाही का मले बजार करता येते का नाही."

नवऱ्याने खाली वाकून बूट काढायला घेतले. तीन महिने मी या बाईला दाराशी बसलेली पहारेकरीण समजत होते. गुरुवारी सकाळी त्या मला म्हणाल्या, "जाय, त्या पोरीले सांग सारं."

मी सांगितलं. मुलीचा चेहरा उतरला, मग ती संतापली, नवऱ्यावर आणि त्याहून जास्त स्वतःवर, त्याच्यासमोर यादी वाचली म्हणून. तिने 'सातपैकी सात'चा कागद फाडला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. तो कागद मी चार दिवस उशाशी ठेवला होता. शुक्रवारी दुपारी चार वाजता, ऐन गर्दीच्या वेळी, तिने गॅरेजचं दार लावून मला सात नव्या वस्तू दोनदा सांगितल्या. लिहिल्या तिच्या कागदावर आणि तो कागद तिने स्वतःच्या पर्समध्ये टाकला.

या वेळी सुख वगैरे काही नव्हतं. दुकानंही मी मुद्दाम अनोळखी धरली. चांदपोलपासून छोटी चौपडपर्यंत तीन वस्तू झाल्या. पुढे तांब्याची भांडी ठोकणाऱ्यांचे हातोडे सुरू झाले आणि कपाळातला खिळाही. मी व्हरांड्यातल्या खांबाला टेकून मानेवर बोट ठेवलं, ठोके खाली येईपर्यंत थांबले, मग निघाले. चौथी. बऱ्याच वेळाने पाचवी. बडी चौपडला पोचले आणि पाटी कोरी. दोन उरल्या होत्या एवढं माहीत होतं. त्या काय, ते नाही. मी वीस मिनिटं तिथे उभी होते. माणसं धक्के देत होती. कुणी माझ्या तोंडाकडे बघून शब्द पुरवत नव्हतं. मग मी खरंच रडले, भर चौकात, मोठ्याने. गजरे विकणारी एक म्हातारी जरा सरकली आणि तिने मला पायरीवर बसायला जागा दिली. तिने काही विचारलं नाही. मी बसले, रडले, डोळे पुसले आणि रिक्षा करून परत आले.

"पाँच," मुलगी म्हणाली.

"पाँच," मी म्हटलं.

"किसी ने बताया?"

"किसी ने नहीं."

तिने लिहिलं. सातपैकी पाच, गर्दीत, विनामदत. मूळ कामावर जाण्यास हरकत नाही, पहिला महिना अर्धा दिवस, काढलेलं काम दुसऱ्याने तपासावं, सायकल चालू ठेवावी. अर्धा दिवस आणि वर तपासनीस, चौदा वर्षांच्या नोकरीनंतर. मला अपमान वाटला आणि तो अपमान मी नीट घडी करून घरी आणला, कारण तो खरा होता. शनिवारी वैद्यकीय अधिकाऱ्यांनी त्यावर सही केली. टेबल राहिलं.

शुक्रवारी संध्याकाळी, म्हणजे ती सही व्हायच्या आधी, मी पिशवी जेवणाच्या टेबलावर उपडी केली. मेणबत्त्या, कुलूप, खडूची पेटी, बडीशेप, बाटली धुवायचा ब्रश. नवरा समोर बसला होता. त्याने वही उघडली, तारीख घातली आणि वस्तू एकाखाली एक उतरवल्या. पाचावर येऊन थांबला.

"दोन कोणत्या राहिल्या?" त्याने विचारलं.

"नाही आठवत."

"यादी कुठाय?"

"तिच्याकडे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. सवयीने त्याचं तोंड उघडलं, शब्द पुरवायला, आणि त्याच्याकडे एकही शब्द नव्हता. मी वाट पाहत होते. मनात मोजत होते, दहापर्यंत, मग पुढे वीसपर्यंत. तो पेन धरून बसला होता आणि त्याच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं ते मी ओळखत होते. गेले तीन महिने ते माझ्या चेहऱ्यावर होतं. मला त्याची दया आली, पण मी त्याला मदत केली नाही.